पहिली तार

तार तिसऱ्यांदा तुटली तेव्हा संगमेश्वर दचकलासुद्धा नाही. नांदूरघाटच्या लग्नाचा मांडव, दुपारची शेवटची पंगत बसलेली, आणि गाण्यात जिथे फक्त गिटारच वाजायची नेमकी ती जागा आली, तेव्हाच पहिली, सगळ्यात बारीक तार टणकन सुटली आणि त्याच्या मनगटावर सपकन बसली. त्याने वाजवणं थांबवलं. गिटारच्या खालच्या अंगाला अडकलेला तारेचा लहानसा तुकडा काढला, खिशातली काडेपेटी उघडली आणि त्यात टाकला. काडेपेटीत असे दोन तुकडे आधीच होते.

तोवर गाण्यातली रिकामी पडलेली जागा शेजारून भरून निघाली होती. अमरनाथने कॅसिओवर बासरीचा आवाज लावून ती वाजवून टाकली आणि गाणं पुढे गेलं. मांडवातल्या एकाचीही मान वर झाली नाही. लोक बुंदी खात होते.

"बघा अप्पा, कळलंसुदिक न्हाई कुणाला!" कार्यक्रम संपल्यावर राधाकिशन खूश होऊन म्हणाला. मांडव, लाईट, भोंगे आणि हा ऑर्केस्ट्रा, सगळं राधाकिशनचं. त्याला धीर द्यायचा होता. पण ते वाक्य संगमेश्वरला तारेपेक्षा जास्त लागलं.

परतीच्या टेंपोत भोंग्यांच्या मध्ये अंग चोरून बसल्या बसल्या त्याने काडेपेटीतले तिन्ही तुकडे तळहातावर ओळीने मांडले. प्रत्येकाच्या एका टोकाला पितळी घुंडी, आणि घुंडीपासून बरोबर दोन बोटांवर तुटलेलं टोक. तिन्ही एका मापाचे. आपोआप तुटणारी तार काही मोजून तुटत नाही, असं त्याच्या मनाने घेतलं. समोर अमरनाथ कॅसिओ मांडीवर घेऊन डुलक्या काढत होता. संगमेश्वरने त्याच्याकडे बघितलं आणि काडेपेटी मिटली.

दिंद्रुडच्या पेठेत संगमेश्वरचं किराणा दुकान होतं, वडील चन्नप्पांनी घालून दिलेलं. सकाळी भस्म लावून तो गल्ल्यावर बसला की दिवसभर लोक त्याच्याशी फक्त साखर, तेल आणि बाजरी एवढंच बोलत. चेहरा असा की चार वेळा भेटलेला माणूसही पाचव्यांदा नाव विचारायचा. पण लग्नसराईत राधाकिशनचा टेंपो दारात लागला आणि संगमेश्वर ती काळी-तांबडी इलेक्ट्रिक गिटार गळ्यात अडकवून उभा राहिला, की पंचक्रोशीतली पोरंटोरं 'गिटारवाले अप्पा, गिटारवाले अप्पा' करत स्टेजला चिकटायची. ही गिटार त्याने तरुणपणी हैदराबादहून आणली होती. चन्नप्पा महिनाभर बोलले नव्हते. ती गिटार गेली असती तर मागे उरणार होता तो फक्त किराणावाला, आणि त्या माणसाची संगमेश्वरला स्वतःलाच फारशी ओळख नव्हती.

म्हणूनच गिटारला कुणी हात लावलेला त्याला खपायचा नाही. गावच्या सुताराकडून त्याने सागवानी पेटी करून घेतली होती, वरती लोखंडी कडी. तारा बदलायच्या म्हणजे तर सोहळाच. दुकानाच्या मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसायचं, एकेक तार काढून एकेक चढवायची. सगळ्या तारा एकदम उतरवल्या तर गिटारची मान वाकडी होते अशी त्याची पक्की समजूत होती. एक्क्याण्णव साली औरंगाबादलाही तारा मिळेनात, तेव्हा त्याने सायकलच्या ब्रेकच्या वायरमधला एक पीळ सोडवला, जुन्या तारेच्या पितळी घुंडीत ओवला आणि पहिल्या तारेच्या जागी चढवून अख्खी लग्नसराई वाजवून काढली. ही गोष्ट तो अजून सांगायचा. ऐकणारे माना डोलवायचे, आणि त्यांनी तीच गोष्ट आधी ऐकलेली आहे हे त्याच्या लक्षात यायचं नाही.

अमरनाथ त्यानंतर चार वर्षांनी आला. तिशीतला, अबोल, माजलगावात घड्याळं दुरुस्त करायचा. संगमेश्वरच्याच लिंगायत समाजाचा. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, बोलण्यात अदब. राधाकिशनने नवा कॅसिओ घेतला आणि वाजवायला त्याला आणलं. पहिल्याच दिवशी राधाकिशनने हौसेने एकेक बटण दाबून बघितलं. सनई निघाली, व्हायोलिन निघालं, आणि एका बटणातून चक्क गिटार निघाली.

"आता बे! समदं बटनातच हाय की!" राधाकिशन म्हणाला.

ढोलकीवाला हरिबा हसला. अमरनाथ मात्र हसला नाही. त्याने ते बटण लगेच बंद केलं. बंद करताना त्याने आपल्याकडे बघितलं, हे संगमेश्वरने टिपून ठेवलं. चोराची नजर म्हणतात ती हीच, असं त्याला वाटलं.

एक गोष्ट मात्र तो विसरत होता, किंवा विसरायचं त्याने ठरवलं होतं. कार्यक्रमाआधी सूर जुळवताना अमरनाथ कॅसिओची एकेक पट्टी दाबून धरायचा आणि संगमेश्वर खुंट्या पिळत एकेक तार त्या त्या सुराला आणायचा. सगळ्यात शेवटी पहिली तार. ती जुळली की दोघं एकदमच मान हलवायचे. वर्षभर हे चाललं होतं आणि तेवढा वेळ संगमेश्वरला बरं वाटायचं. पण संशय एकदा घरात शिरला की आधी बऱ्या आठवणींनाच बाहेर काढतो.

तार पहिल्यांदा तुटली तेव्हा अमरनाथ म्हणालाही होता, "अप्पा, ती तार जिथं टेकती ना, ती खाच बघू द्या एकदा."

"तू घड्याळं बघ!" संगमेश्वरने तोडून टाकलं होतं. आणि आता टेंपोत त्याला तेच आठवत होतं. तार खाचेतच तुटते, हे ह्या पठ्ठ्याला आधीच कसं ठाऊक?

घरी आल्यावर त्याने सत्यभामेला तिन्ही तुकडे दाखवले. ती ज्वारी निवडत होती. तिने एकदा बघून परत सूप हातात घेतलं.

"जुन्या झाल्या असत्याल तारा."

"तिन्ही नव्या होत्या. अन् एकाच जागी तुटल्या. ह्या तुटल्या न्हाईत, कुणीतरी घासून ठेवल्यात."

"कावून घासंल कुणी?"

"बटनातली गिटार वाजवायची हाय त्याला. मी गेलो की झालं."

"अवो, ते पोरगं आलं की आधी माझ्या पाया पडतंय."

"म्हणूनच!" संगमेश्वर म्हणाला. सत्यभामेने खडा काढून बाजूला टाकला.

पुढचा कार्यक्रम गावातच होता, दिंद्रुडच्या जत्रेत. तिथे चोर धरायचा असं संगमेश्वरने ठरवलं. धरायचा कसा, हे त्याला सकाळी पूजेला बसल्यावर सुचलं. चिमूटभर भस्म त्याने कागदाच्या पुडीत घेतलं आणि पेटीच्या कडीवर त्याची बारीक रेघ ओढली. कडी कुणी उचलली तर रेघ मोडणार.

"देवाचं भस्म अन् चोर धरायला?" सत्यभामा दारात उभी राहून म्हणाली. "काय म्हणावं तुमाला."

"देव बी बघू दे की."

दुपारी चारला त्याने पेटी स्टेजमागच्या राहुटीत ठेवली आणि मुद्दामच सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मी चहा पिऊन येतो." हॉटेलात तो बसला खरा, पण लक्ष सगळं पेटीकडेच होतं. अर्ध्या तासाने परतला. कडीवरची रेघ मोडलेली होती. नुसती मोडली नव्हती, पार पुसली गेली होती. जवळ कॅसिओची वायर गुंडाळत अमरनाथ उभा होता, आणि त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं काळी होती.

संगमेश्वर त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला. खोटं कशाला बोला, त्याला थोडा आनंदही झाला. आपलं म्हणणं खरं निघाल्याचा आनंद माणसाला फार वाईट असतो, पण तो होतो.

"बोटं कशानं काळी झाली रं?"

अमरनाथने हात मागे घेतला. "काय न्हाई अप्पा."

"काय न्हाई? राधाकिशन, हरिबा, या इकडं! बघा ह्याची बोटं. तार घासल्याबगर काळी होत्यात व्हय?"

राधाकिशन धावत आला. मागोमाग हरिबा, गाणाऱ्या गीताबाई आणि जत्रेतली पाच-सहा माणसं. राहुटीत दाटी झाली.

"अप्पा, माझं आईकून तरी घ्या," अमरनाथ म्हणाला.

"आईकायचं न्हाई मला. तुझ्या गळ्यात लिंग हाय न्हवं? लाव हात, अन् सांग सगळ्यांदेखत, की पेटी उघडली न्हाई म्हणून."

आता ह्या समाजात लिंगाला हात लावून खोटं बोलणारा माणूस निपजायचा आहे. संगमेश्वरला ते माहीत होतं, म्हणून तर त्याने ही शपथ निवडली. अमरनाथने गळ्याशी हात नेला. शर्टाच्या आत त्याने लिंग मुठीत धरलं.

"उघडली," तो म्हणाला. "पण अप्पा, मी—"

"बास! झालं! आईकलं का सगळ्यांनी?"

"पुढचं तर आईका."

"चोराचं पुढचं काय आईकायचं बे?"

'बे' म्हटल्यावर अमरनाथ मागे सरला. संगमेश्वर त्याला आजवर कधी 'बे' म्हणाला नव्हता. अमरनाथने कॅसिओ टेबलावर नीट ठेवला, वायर त्याच्या शेजारी ठेवली, खाली वाकून गीताबाईंच्या पाया पडला आणि राहुटीबाहेर निघून गेला. राधाकिशन त्याच्या मागे एसटी स्टँडपर्यंत गेला आणि एकटाच परत आला.

त्या संध्याकाळी कॅसिओशिवाय कार्यक्रम झाला. संगमेश्वरने जीव ओतून वाजवलं. पहिली तार तुटली नाही. त्या दिवशी नाही, पुढच्या लग्नात नाही, त्याच्या पुढच्यातही नाही. "बघा," तो ज्याला त्याला सांगायचा, "चोर गेला अन् तार टिकली." काडेपेटी त्याने गल्ल्याच्या खणात जपून ठेवली होती. गिऱ्हाइकाला रस दिसला की तो ती उघडूनही दाखवायचा.

अमरनाथच्या जागी राधाकिशनला धड माणूस मिळाला नाही. आलेला एक महिनाभर टिकला, दुसरा एक दारू पिऊन स्टेजवरून पडला. तोवर लोकांनाही ऑर्केस्ट्राची हौस राहिली नव्हती. स्पीकरचे चार मोठे डबे आणि एक सीडी लावली की मांडवभर गाणी, ना कुणाला जेवण घालायचं ना कुणाच्या रुसव्या-फुगव्याची भानगड. दोन वर्षांत राधाकिशनने कॅसिओ विकला, हरिबा मुलाच्या पिठाच्या गिरणीत बसायला लागला, आणि गिटारची पेटी फळीवर गेली. जिच्यासाठी एवढी राखण केली, तिच्यावर गव्हाच्या रिकाम्या पोत्यांची चवड पडली. अमरनाथ शिरूर कासारला, सासुरवाडीच्या गावी, घड्याळाचं दुकान टाकून बसल्याचं कुणीतरी सांगून गेलं. संगमेश्वरने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

नव्व्याण्णवच्या डिसेंबरात धाकटी लेक स्वप्नाली शाळेतून नाचत आली. "अण्णा, गॅदरिंगला आमच्या गाण्याला तुमी गिटार वाजवायची. मी बाईंना सांगून आलेय!"

संगमेश्वरने कपाळाला आठ्या घातल्या, पण दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान मिटून पेटी खाली काढली. तारांवर लाल गंज चढला होता. बोट फिरवलं तर बोटाला रंग लागत होता. एक नवा संच त्याने जपून ठेवला होता, शेवटचा. गंज इतका की ह्या वेळी एकेक बदलण्यात अर्थ नव्हता. वाकडी झाली मान तर झाली, म्हणत त्याने खुंट्या सैल केल्या आणि सहाच्या सहा तारा उतरवल्या.

तारा उतरवलेली गिटार त्याने पंधरा वर्षांत पहिल्यांदाच बघितली. आणि चाळशी लावून तर कधीच बघितली नव्हती. चाळशी डोळ्यांवर येऊन तीन-चार वर्षं झाली होती, पण ती फक्त काट्यावरचं वजन बघायला. गिटारवाल्या माणसाने चाळशी लावलेली बरी दिसत नाही, म्हणून तारा तो नेहमी अंदाजानेच चढवायचा. आज दुकानातून उठून तसाच आल्यामुळे ती नाकावरच राहिली होती.

तारा जिथे टेकतात तिथे सहा खाचा होत्या. त्याने फडक्याने धूळ पुसली आणि सहजच नख फिरवलं. सहावी खाच, पाचवी, चौथी, तिसरी, दुसरी, सगळ्या जरा जरा खरखरीत. पहिल्या खाचेत मात्र नख लोण्यातून गेल्यासारखं गेलं.

तो उठून दारातल्या उजेडात आला. पहिल्या खाचेच्या कडेला धातूत खोल ओरखडा होता. असा ओरखडा दुसऱ्या कुठल्याच खाचेला नव्हता. हा ब्रेकच्या वायरचा, हे त्याला ताबडतोब कळलं. एक अख्खी लग्नसराई ती कडक वायर मऊ धातूवर घासत होती आणि तिथे सुरीसारखी धार धरून बसली होती. प्रत्येक नव्या तारेगणिक ती खोल होत गेली, आणि शेवटी शेवटी तार तिथे झिजून तुटायला लागली होती. पण आता तिथे धार नव्हती. कुणीतरी बारीक कानशीने, घड्याळाच्या कामाची असते तसल्या कानशीने, ती गोल घासून काढली होती. आणि खाचेच्या तळाशी काळं काहीतरी भरलेलं होतं. त्याने बोट घासून उजेडात धरलं. शिसपेन्सिलीचं शिसं होतं ते, तार सरकायला सोपी जावी म्हणून घातलेलं. त्याचं बोट काळं झालं होतं.

त्याने गल्ल्याच्या खणातून काडेपेटी आणली. ज्यांच्या जिवावर त्याने तीन वर्षं फुशारकी मारली ते तिन्ही तुकडे चाळशीतून बघितले. कापलेली किंवा कानस मारलेली तार टोकाला सपाट असते. ही टोकं झिजून झिजून निमुळती झाली होती.

सत्यभामा चहा घेऊन आली तेव्हा तो उंबऱ्यावर बसला होता.

"काय झालं?"

"त्यानं दुरुस्त केलतं गं," संगमेश्वर म्हणाला. "तोडत नव्हता त्यो. दुरुस्त केलतं."

सत्यभामेने चहा त्याच्याजवळ ठेवला आणि तिथेच भिंतीला टेकून बसली. एवढी वर्षं संसार केलेल्या बाईला 'मी म्हणत होते' म्हणता येतं, पण ती म्हणाली नाही.

सकाळी त्याने नव्या तारा चढवल्या, पेटीत गिटार ठेवली आणि टोपी घातली.

"आता कुठं?"

"तारा जुळवायच्या हायेत. सूर घेऊन येतो."

"सुराला शिरूरला? शाळेत पेटी-तबला हाय की."

त्याने पेटी उचलली. परतताना एसटीच्या धक्क्यांनी जुळवलेल्या तारा बीडपर्यंतसुद्धा टिकणार नाहीत, हे त्यालाही कळत होतं. तरी तो माजलगावला गेला, तिथून बीडला आणि बीडहून शिरूर कासारच्या गाडीत बसला. सगळ्या वाटेने पेटी त्याच्या मांडीवर होती. काय बोलायचं ते तो मनात जुळवत होता, आणि प्रत्येक गावाला ते थोडं थोडं कमी होत होतं.

अमरनाथचं दुकान स्टँडसमोरच होतं. चार हातांची जागा, भिंतीवर बंद-चालू घड्याळं, प्रत्येकात वेगळी वेळ. मागच्या फळीवर जुन्या लुगड्याने झाकलेला एक कॅसिओ. राधाकिशनकडून त्यानेच विकत घेतलेला. डोळ्याला भिंग लावून तो एका मनगटी घड्याळात वाकला होता. सावली पडली तसं त्याने वर बघितलं, भिंग काढलं आणि उठून उभा राहिला.

"या अप्पा." त्याने स्टूल पुसलं. समोरच्या हॉटेलवाल्याला हाताने दोन चहा सांगितले. "घरी बऱ्या हायेत का काकू? स्वप्नाली केवढी झाली?"

"आठवीला हाय." संगमेश्वर बसला. पेटी त्याने काचेच्या टेबलावर ठेवली आणि अमरनाथकडे सरकवली. वाटेने जुळवलेल्यातलं तेवढंच शिल्लक राहिलं होतं.

"उघड," तो म्हणाला.

अमरनाथने पेटीकडे बघितलं. हात त्याने गुडघ्यांवर ठेवले होते.

"तुमी उघडा, अप्पा."

"मी म्हणतो ना, तू उघड. माझ्या हातानं दिली, उघड की रं."

"न्हाई अप्पा." आवाजात राग नव्हता. राग असता तर संगमेश्वरला सोपं गेलं असतं. "त्या दिशी तुमी लिंगाला हात लावाया लावला. घरी गेल्यावर मी परत एकदा लावला. तुमच्या पेटीला पुन्ना हात लावणार न्हाई म्हणून. आता मोडता येत न्हाई."

संगमेश्वरने मान हलवली. त्याने स्वतःच कडी उचलली, झाकण उघडलं आणि गिटार मांडीवर घेतली.

"खाच तू घासली."

"व्हय."

"मग सांगितलं कावून न्हाई?"

"सांगत होतो," अमरनाथ म्हणाला.

चहा आला. पोऱ्याने दोन कप टेबलावर ठेवले आणि गेला. कुणीच कप उचलला नाही. भिंतीवरची घड्याळं आपापल्या वेळेने टिकटिकत होती. संगमेश्वरला खूप काही म्हणायचं होतं. 'चुकलं' म्हणायचं होतं, 'बे' म्हणालो ते परत घ्यायचं होतं. तोंड उघडलं तर डोळ्यांत पाणी येईल अशी त्याला भीती वाटली, आणि पन्नाशीला आलेल्या किराणावाल्याने भर स्टँडसमोर रडणं त्याला जमणार नव्हतं.

"सूर पायजे होता," तो एवढंच म्हणाला.

अमरनाथ उठला. त्याने लुगडं बाजूला केलं, वायर खोचली आणि नेहमीची पट्टी दाबून धरली. संगमेश्वर खुंट्या पिळायला लागला. सहावी जुळली, पाचवी जुळली. प्रत्येक तारेला अमरनाथचं बोट न सांगता पुढच्या पट्टीवर सरकत होतं. सगळ्यात शेवटी पहिली तार राहिली. ती हळूहळू वर चढली, कॅसिओच्या सुराजवळ आली, थरथरली आणि त्यात मिळून गेली.

जुळली हे दोघांनाही कळलं होतं. पण मान कुणीच हलवली नाही. अमरनाथने पट्टीवरचं बोट उचललं नाही, आणि संगमेश्वरने खुंटी सोडली नाही.